आधी माल विचारा, मग किलोमीटर

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. द्राक्षं आणि बेदाणा बाजारात, कोल्ड स्टोरेजला पोचवायला आणि हंगाम नसताना भाड्यानं चालवायला जुनी बोलेरो पिकअप घ्यायची आहे. साताऱ्यात २०१७ ची, १.३ टनाची एक गाडी बघितली. मालक तिसरा, मीटरवर १,३८,००० किलोमीटर. हौद्याला नवा पत्रा आणि ताजा रंग आहे. मागं स्प्रिंगचे दोन पाटे जादा टाकलेत, त्यामुळं दोन टन आरामात नेते, असं एजंट म्हणतो. आमचा एक भाऊबंद म्हणतो, 'पिकअपला मरण नाही, डोळे झाकून घे.' ओळखीच्या दुसऱ्यानं मात्र अशीच गाडी वर्षाच्या आत विकून टाकली. खरं कुणाचं मानू? आणि गाडी बघताना नेमकं काय तपासू?

उत्तर : दोघांचंही खरं आहे. गाडी तीच, महिंद्राचं २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिनही तेच. पण एकाच्या गाडीनं आयुष्यभर नऊशे किलो भाजी वाहिली असेल आणि दुसऱ्याच्या गाडीनं आधीच्या मालकाकडं अडीच टन वाळू. पिकअपचा अनुभव सांगणारा माणूस बहुतेक वेळा तिच्या मालाचाच अनुभव सांगत असतो. म्हणून एजंटला पहिला प्रश्न मीटरचा विचारू नका. गाडीनं काय वाहिलं, कुठल्या रस्त्यानं वाहिलं आणि एका खेपेला किती भरलं, ते विचारा. एजंटला सांगता आलं नाही तर ज्याच्या नावावर आरसी आहे त्याच्याशी थेट बोलायचा आग्रह धरा. जुन्या विमा पॉलिसींवर आधीच्या मालकांची नावं सापडतात.

मंडप-डेकोरेशनची किंवा गाद्या-फर्निचरची गाडी मिळाली तर पहिली पसंती तिला द्या. तो माल जागा खातो, वजन देत नाही. सिमेंट, सळई, विटा वाहणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, कारण खेपा जवळच्या असतात. पण प्रत्येक खेप ओव्हरलोड असते आणि दर वळणावर, दर स्पीडब्रेकरवर क्लच दाबला जातो. अशा गाडीचं मीटर ८० हजार दाखवत असलं तरी क्लच, पाटे आणि मागचं हाउसिंग (मागच्या अॅक्सलची गिअरची पेटी) थकलेलं असतं. रात्रीची भाजी पुण्याला किंवा वाशीला नेणाऱ्या गाडीचे किलोमीटर भरमसाट असतात. मात्र हायवेला एका लयीत चाललेलं इंजिन त्या मानानं निरोगी राहतं. तिथं टर्बो, चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक तपासायचे. कुंभार्ली किंवा आंबा घाटातून कोकणची मासळी आणणारी गाडी मात्र आम्ही घेऊ देणार नाही. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चासीवर पडत राहतं आणि गंज आतून धरतो, रंगाखाली दिसतही नाही. कोंबड्यांच्या आणि दुधाच्या गाड्यांचीही तीच गत. एकीत विष्ठा पत्रा खाते, दुसरी रोज धुतली जाते.

तुम्ही बघितलेल्या गाडीचा नवा पत्रा याच कारणासाठी खटकतो. वाळू-सिमेंटनं पत्रा चेपतो आणि खाऱ्या पाण्यानं सडतो. दोन्हींमुळं तो बदलावा लागतो, पण पहिली गोष्ट दुरुस्त होते, दुसरी होत नाही. हौद्याखाली झोपून बॅटरीच्या उजेडात खालची आडवी पट्टी आणि चासीचा वरचा काठ बघा. लहान हातोडीनं चासी ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सुटतात.

मीटरचा हिशेब घरी बसूनही होतो. दिवसाला १५० किलोमीटर आणि वर्षाला २८० दिवस धरले तर ४२,००० होतात. सात वर्षांत जवळपास तीन लाख. रोज भाड्याला असलेल्या २०१७ च्या गाडीवर १,३८,००० पटत नाहीत. घरच्या शेतीपुरती वापरली असेल तर पटतील. क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर, गिअरच्या दांड्याची मूठ, ड्रायव्हर सीटची कड हे मीटरपेक्षा कमी खोटं बोलतात. शंका आली म्हणून गाडी सोडायलाच हवी असं नाही. तिची किंमत तीन लाख किलोमीटरच्या गाडीची धरून बोलणी करा.

आता त्या जादा पाट्यांकडं येऊ. एजंट ज्याला गुण म्हणतो तो या व्यवहारातला सगळ्यात मोठा धोक्याचा इशारा आहे.

पाटा वाढवल्यानं हौदा खाली बसत नाही, एवढाच फरक पडतो. अॅक्सल तोच, चाकाचे बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच राहतात. पाटे लवचिक असताना खड्ड्याचा धक्का तेच पितात. ते कडक झाले की धक्का पाट्यांच्या हँगरमधून सरळ चासीत जातो आणि हँगरच्या रिव्हेटजवळ तडे जायला लागतात. ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे. मागच्या अॅक्सल आणि चासीच्या मधे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर हौदा किती खाली बसलाय यावरून तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब किती द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यांमुळं गाडी भरलेली असूनही हौदा उंचच राहतो. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पॅडल मऊ पडतं. काही गाड्यांत या व्हॉल्व्हची दांडी तारेनं बांधून टाकलेली असते. तशी दिसली तर गाडी नेहमी ओव्हरलोड चालली, असंच समजा.

म्हणून पाटे नीट बघा. कंपनीनं दिलेले किती आणि वरून टाकलेले किती, ते सर्व्हिस सेंटरला विचारून मोजा. कुठला पाटा तुटलाय का, पाटे अॅक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टला नवे आटे दिसतात का, पाट्यांच्या टोकाच्या शॅकलचे बुश बाहेर आलेत का, हे पाहा. मग स्टिअरिंग सरळ ठेवून टेपनं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलाय किंवा चासी वाकलीय. अशी गाडी मागून बघितली की तिरकी पळताना दिसते. सेंटर बोल्ट स्वस्तातलं काम आहे. चासी वाकलेली किंवा तडा वेल्डिंग करून वर पट्टी मारलेली असेल तर त्या गाडीबद्दल पुढं बोलूच नका, किंमत कितीही उतरली तरी.

इंजिन बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटखाली हात लावा. इंजिन कोमट असेल तर ते मुद्दाम गरम करून ठेवलंय. अशा वेळी दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागलं पाहिजे. धूर नीट बघा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा निघून मिनिटभरात थांबला तर हरकत नाही. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि टाकीतलं कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय : टर्बोचा सील, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. जोरात रेस केल्यावर काळा धूर आला तर एअर फिल्टर, टर्बोचा होज किंवा इंजेक्टर बघायचे. यातला फिल्टर-होज किरकोळ आहे, इंजेक्टर नाही.

मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण सैल करून त्याच जागी ठेवा. थोडी वाफ येणं ठीक. पण झाकण नाचायला लागलं आणि धपधप धूर येत राहिला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगा-लायनर गेलेत आणि पूर्ण इंजिन काम समोर उभं आहे. ही तपासणी एजंटलाही माहीत असते, म्हणून काही जण विकण्याआधी जाड ऑइल भरतात. डिपस्टिकवरचं ऑइल थंड असताना मधासारखं चिकट वाटलं तर सावध व्हा. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असतानाच उघडा. आत तेलाचा तवंग नको, आणि इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे नकोत. पाणी गंजकं, तांबडं असेल तर या गाडीत कूलंट कधी पडलंच नाही.

क्लचसाठी एकच परीक्षा पुरते. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक दाबून धरा, चौथा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय. घुमत राहिलं तर प्लेट संपलीय. हे एकदाच करा, दुसऱ्याची गाडी आहे. क्लचचा खर्च काढताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र धरा. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच लागते, मग एकच भाग बदलण्यात अर्थ नाही.

ब्रेकचा बूस्टर तपासायला इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा. मग पाय दाबलेलाच ठेवून सेल्फ मारा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून. पहिल्यात ढिलाई लागली तर बेअरिंग किंवा जॉइंट, दुसऱ्यात लागली तर टायरॉडचा एंड. टायरवरचे शेवटचे चार आकडे तारीख सांगतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर भरलेल्या पिकअपला नको.

एवढं जमलं तर चालवून बघायचं, पण रिकामी नाही. रिकामी पिकअप काहीच सांगत नाही. ५० किलोची २० पोती, म्हणजे एक टन भरा. मालक नाही म्हणाला तर भाडं द्या, पण ही परीक्षा सोडू नका. गाडी साताऱ्यातच आहे, तेव्हा यवतेश्वरचा घाट हाताशी आहे. चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात गाडीचा दम तुटतो का, तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर जातो का, ते बघा. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून टर्बोच्या आसपास, रेडिएटरच्या होजवर, इंजिनच्या मागच्या बाजूला गळती शोधा. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. खाली सपाटीला ४० ते ६० च्या वेगात मागून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शियल किंवा प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग. पुढं-मागं घेताना 'खट्' वाजलं तर शाफ्टचे क्रॉस (सांधे). क्रॉस बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, डिफरन्शियल नाही. शक्य असेल तर मेकॅनिककडून हाउसिंगचा ऑइल प्लग काढून घ्या. बारीक काळा लेप असेल तर ती नेहमीची झीज, लोखंडाचे कण किंवा चकत्या निघाल्या तर दात तुटलेत.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघितल्याशिवाय गाडी घेऊ नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगली परिसरात कृष्णेच्या पाण्याखाली गाड्या बुडाल्या. तुमची गाडी २०१७ ची आहे, म्हणजे दोन्ही पूर तिनं बघितलेत, आणि सध्या साताऱ्यात असली म्हणून तेव्हा तिथंच होती असं नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर ती कुणी धुतलेली नसते. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडा आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशी शोधा. सीटखालचे कप्लर, दाराच्या आतली भोकं, हेडलाइटच्या आतली गाळाची रेघ बघा. हाउसिंगचं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. बुडालेल्या गाडीचं इंजिन पुन्हा चालतं, पण वायरिंग आणि सेन्सर दोन-तीन वर्षं त्रास देत राहतात, आणि तो त्रास कुठला मेकॅनिक एका बैठकीत मिटवू शकत नाही. विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) शून्य असेल तर त्याचं कारण विचारा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवरचा चासी नंबर चासीवर ठोकलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा. एम-परिवहन अॅपवर कर्जाचा बोजा, पासिंग (फिटनेस), विमा आणि थकलेली चलनं दिसतात. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं, तेव्हा पुढची तारीख कधीची आहे ते बघा. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यासाठी आरसीवरचा आकडा वाचा. जुनी नंबर प्लेट असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलीय का तेही पाहा. आणि नोटरी करून गाडी नावावर होत नाही. नाव आरटीओत बदलतं, मग विमा तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो. तोवर गाडीचं काही नुकसान झालं तर भरपाई मिळवताना अडचण येते. म्हणून किमतीचा काही भाग आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत राखून ठेवायचं सुरुवातीलाच ठरवा आणि लिहून घ्या.

'दोन टन'चा हिशेब तुम्ही स्वतः करा, एजंटवर सोडू नका. गाडी रिकामी वजनकाट्यावर घाला. समजा आरसीवर रिकामं वजन १६९० आणि एकूण २९९० आहे, पण जाळी, दुहेरी पत्रा आणि जादा पाटे धरून काट्यावर १८३० भरली. मग उरले ११६०. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस मिळून १४० गेले. राहिले १०२० किलो, म्हणजे १५ किलोच्या बेदाण्याच्या ६८ पेट्या. तुमची बाग एका दिवशी याहून जास्त माल देत असेल तर दोन खेपा करा किंवा मोठ्या क्षमतेचं मॉडेल शोधा. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत, शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो. द्राक्षाचा माल रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवायचा म्हणजे काय, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमचं मत असं : चासी सरळ आणि सलग असेल, पुराची खूण नसेल आणि झाकण नाचत नसेल, तर ही गाडी घ्यायला हरकत नाही. क्लच, क्रॉस, बुश, टायर, बॅटरी यांचा खर्च किमतीतून वजा करून मागा. त्यातलं एकही काम भीतीदायक नाही. याशिवाय किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे पैसे पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवा. व्यवहार फळछाटणीच्या आसपास उरका, म्हणजे काढणी सुरू होईपर्यंत दुरुस्ती आणि कागद दोन्ही हातावेगळं होईल. ऐन हंगामात गाड्यांना मागणी असते आणि घासाघीस करायला वाव राहत नाही.

गाडी घरी आली की आधीच्या मालकानं काय बदललं यावर विश्वास न ठेवता इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल, ब्रेक ऑइल, तिन्ही फिल्टर आणि पंख्याचा बेल्ट एकदम बदला. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. डिझेल फिल्टरखालचं पाणी महिन्यातून एकदा सोडा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात घालू नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार फार, ते नळ्यांत बसतात आणि मे महिन्यात इंजिन तापतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर स्लोवर ठेवा, टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहतं. जादा पाटे पहिल्याच आठवड्यात काढून टाका, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी कंपनीच्या मापावर लावून घ्या आणि ५०० किलोमीटर झाल्यावर भरलेल्या गाडीचे यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.